पावसाळ्यातील सोबती

अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिका नदी जेथे समुद्रास मिळते तेथे, रेवदंडा हे गाव वसले आहे. एका बाजूस नारळी-पोफळीच्या दाट वाड्या, दुसऱ्या बाजूस पोर्तुगीजांनी बांधलेल्या कोटाची पडकी तटबंदी, आणि तटबंदीपलीकडे समुद्र. खाडीच्या पैलतीरी कोर्लईचा किल्ला दिसतो. जूनचा प्रारंभ झाला की या गावाचे रूप पालटते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांनी मासेमारी करण्यास बंदी असते. त्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्यांवर झापांची अथवा ताडपत्रीची छपरे चढतात, आणि तांडेल ओटीवर बसून फाटकी जाळी सांधू लागतात. पाऊस असा कोसळतो की समोरची वाडी दिसेनाशी होते. मैदाने चिखलाने भरतात, पुळणीवर लाटा उसळतात, आणि शाळेतून परतलेल्या मुलांस संध्याकाळ मोठी वाटू लागते. किनारपट्टीवर वाचनाचा खरा हंगाम हाच होय.

पुस्तकाचे आणि या गावाचे नाते आजचे नाही. पंधराव्या शतकात रशियातील त्व्हेर नगरीचा अफनासी निकितीन नावाचा व्यापारी एक घोडा विकावयास बरोबर घेऊन समुद्रमार्गे रेवदंड्यास लागूनच असलेल्या चौल बंदरात उतरला. वास्को द गामा १४९८ साली भारतात आला. त्याच्या सुमारे पाव शतक आधीची ही गोष्ट. निकितीन पुढे जुन्नर, बीदर अशा नगरांतून हिंडला आणि जे जे पाहिले ते आपल्या वहीत टिपीत गेला. लोकांचे पोशाख, त्यांचे खाणेपिणे, राजांच्या स्वाऱ्या, सारे त्यात आहे. परतीच्या वाटेवर, आपले गाव गाठण्यापूर्वीच, त्याला मृत्यू आला. परंतु वही मात्र व्यापाऱ्यांच्या हाती पडून मॉस्कोस पोहोचली. आज रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. माणूस घरी पोहोचला नाही, घोडा कोणाकडे गेला याचे आज कोणास सोयरसुतक नाही, परंतु वही पाच शतके टिकली.

असे असूनही या किनाऱ्यावरील पुष्कळ मुलांस कथापुस्तके परकी वाटतात, आणि त्यात सर्वस्वी त्यांचाच दोष आहे असे म्हणता येणार नाही. तांडेलाच्या घरातील एखादा मुलगा घ्यावा. त्याच्या हाती येणाऱ्या गोष्टीतील समुद्र हा बहुधा सहलीचा समुद्र असतो. शहरातील मुले सुटीत येतात, वाळूचे किल्ले करतात, शिंपले वेचतात आणि परत जातात. या मुलाच्या घरी समुद्राचा अर्थ वेगळा आहे. पहाटे निघालेली होडी, आईने वाऱ्याचा रोख पाहून टाकलेला निःश्वास, डोल रिकामा आल्यावर घरात पसरणारी शांतता, हा त्याचा समुद्र. पुस्तकात तो सापडला नाही की मुलगा पुस्तक मिटतो आणि 'मला वाचनाची आवड नाही' असे सांगू लागतो. वास्तविक त्याला न आवडलेली असतात ती दोन-तीन पुस्तके. जगातील इतर पुस्तकांनी त्याचे काय बिघडविले आहे? तेव्हा त्याच्या हाती कोणती पुस्तके द्यावीत, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी जो वाचक हातचा जातो, तो पुढे परत येईलच असा भरवसा नसतो.

आरंभ घराजवळच्या पुस्तकाने करावा. एस्थर डेव्हिड या लेखिकेची 'द बुक ऑफ रॅशेल' ही इंग्रजी कादंबरी अलिबागच्या परिसरातील दांडा नावाच्या समुद्रकाठच्या गावात घडते. रेवदंड्याचा वाचक हे नाव ऐकताच कान टवकारील. ही कथा बेने इस्राएल समाजातील एका वृद्ध विधवेची आहे. हा समाज ज्यू धर्माचा. आपले पूर्वज फार प्राचीन काळी जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यास लागले, अशी त्याची परंपरागत श्रद्धा आहे. ही माणसे कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी धर्माज्ञेनुसार काम बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची बोली मराठी, त्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, चेऊलकर अशी गावांवरून पडलेली. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर यांपैकी बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. त्यांचे प्रार्थनामंदिर रेवदंड्यातही आहे.

कादंबरीतील रॅशेलची मुले अशीच दूर देशी गेली आहेत. ती मात्र गावीच राहते आणि ज्या प्रार्थनामंदिरात आता प्रार्थनेस पुरेशी माणसेही जमत नाहीत, ते झाडून-पुसून स्वच्छ ठेवते. पुढे समुद्रकाठच्या जमिनीला मोल येते, मंदिराची जागा विकण्याचा घाट घातला जातो, आणि ही एकटी बाई त्याविरुद्ध उभी राहते. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी त्या समाजाच्या स्वयंपाकघरातील एक पाककृती दिली आहे. नारळाचे दूध, तांदूळ, मासे या वस्तूंनी ती पाने अगदी कोकणी वासाची झाली आहेत. या पुस्तकास २०१० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते मोठ्या माणसांसाठी लिहिलेले असून इंग्रजीत आहे, म्हणून सातवीतील विद्यार्थ्याने ते एकट्याने वाचण्याची घाई करू नये. शिक्षकांकडून अथवा मोठ्या भावंडाकडून त्यातील एखादे प्रकरण समजावून घ्यावे, आणि पुस्तकाचे नाव ध्यानात ठेवावे. ज्या किनाऱ्यावरून आपण रोज शाळेत जातो, तेथील एका म्हातारीचा हट्ट हा देशातील मोठ्या पुरस्कारास पात्र ठरणाऱ्या कादंबरीचा विषय होऊ शकतो, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

मराठीत परतावयाचे तर प्रकाश नारायण संत यांच्या लंपनची भेट प्रथम घ्यावी. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' या चार पुस्तकांत लंपनच्या कथा आहेत; त्यांपैकी 'वनवास' १९९४ साली प्रसिद्ध झाले. लंपन हा आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी राहून शिकणारा मुलगा. गाव कर्नाटकाच्या सीमेवरचे, त्यामुळे तेथील मराठीत कानडीचा हेल आणि कानडी शब्द सहज मिसळलेले. या कथांत चोर-दरोडेखोर नाहीत, गुप्त भुयारे नाहीत. एका मुलाच्या मनात दिवसभर काय काय चालते, एवढेच आहे. आणि ते इतके खरे आहे की वाचणारा मध्येच थांबून, हे या लेखकाला कसे कळले, असे स्वतःशी म्हणतो. संत हे कऱ्हाडच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्राचे अध्यापक होते आणि कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव होते. २००३ साली अपघातात त्यांचे निधन झाले. लंपनची भाषा आरंभीची दहा पाने जरा अडखळविते. तेथे पुस्तक सोडू नये; बोलणाऱ्या मुलाचा आवाज एकदा कानात बसला की पाने आपोआप उलटतात. रेवदंड्याच्या मुलाला तर याचे नवल वाटण्याचे कारण नाही. खाडीपलीकडे कोर्लई गावातील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून बनलेली एक निराळीच भाषा आजही बोलली जाते. एकाच किनाऱ्यावर भाषेचे किती रंग असतात, हे तो बाजारात रोज ऐकतो.

ज्याला मनाच्या व्यथांपेक्षा आकाशातील गूढ अधिक ओढते, त्याने जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथा घ्याव्यात. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले हे खगोलशास्त्रज्ञ जगभर मान्यता पावलेले होते. २०२५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कथालेखनाचा आरंभ मोठा मौजेचा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेविली होती. प्रसिद्ध शास्त्रज्ञाचे नाव पाहून परीक्षकांचे मत झुकू नये म्हणून नारळीकरांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' असे टोपणनाव घेतले. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली. त्या कथेला पारितोषिक मिळाले. कथेचे नाव 'कृष्णविवर'. पुढे 'यक्षांची देणगी' हा त्यांचा संग्रह निघाला. 'वामन परत न आला' या कादंबरीत जमिनीखाली सापडलेल्या एका लुप्त संस्कृतीच्या ठेव्यावरून माणसे एक यंत्रमानव घडवितात, आणि मग त्या यंत्रमानवाच्या मनात काय आहे याचा घोर त्यांना पडतो. विचार करणारी यंत्रे आज घरोघर पोहोचत असताना ही कादंबरी जुनी झाली आहे असे कोणी म्हणणार नाही.

धाडसाची आवड असलेल्यांना भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेची ओळख करून द्यावी लागत नाही. फुरसुंगीचा हा काटकुळा बनेश फेणे वडीलधाऱ्यांनीही वाचलेला असतो, आणि घरात त्याच्याविषयी बोलावयास कोणीतरी निश्चित सापडते. भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या पुस्तकाला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. संगीता बर्वे यांची 'पियूची वही' त्या आधी, २०२२ साली, त्याच पुरस्काराने गौरविली गेली. दिलीप प्रभावळकर यांचा बोक्या सातबंडे खट्याळ आहे, आणि थकलेल्या संध्याकाळी तो बरा.

आता चित्रांच्या पुस्तकांकडे वळावे. कारण घरोघर खरा वाद येथेच होतो. सातवीतला मुलगा चित्रांचे पुस्तक घेऊन बसला की, 'अजून चित्रेच पाहतोस काय? आता काही मोठे वाच,' असे कोणीतरी म्हणतेच. चित्रे ही लहानांची आणि अक्षरे ही थोरांची, अशी ही समजूत. ती आपल्या परंपरेस तरी धरून नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजात चित्रकथी ही कला पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे कागदावर रंगवून त्यांचा संच करावयाचा. त्याला पोथी म्हणतात. रात्री देवळात समईच्या उजेडात कलावंत एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने ती कथा गाऊन, संवाद म्हणून सांगतो. एक चित्र संपले की ते बाजूस जाते, दुसरे पुढे येते. ऐकणाऱ्यांत आजोबाही असतात आणि नातूही. त्यांपैकी कोणीही ही कला पोरकट मानली नाही. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देण्यात आली.

आज ज्यांना ग्राफिक नॉव्हेल म्हणतात, त्या चित्रकादंबऱ्या या पोथीच्या दूरच्या भावंडेच होत. फरक इतकाच की येथे गाणारा नाही. त्याचे काम वाचकाला करावे लागते. चित्रकादंबरीचे पान चौकटींत विभागलेले असते. एका चौकटीत मुलगा दार उघडीत आहे, पुढच्या चौकटीत तो रस्त्यावर धावत आहे. मधले काय? तो पायऱ्या उतरला, चपला घातल्या की नाही, आईने हाक मारली का, हे काहीच काढलेले नसते. दोन चौकटींमधील त्या कोऱ्या पट्टीत ते सारे घडते, आणि घडविणारा वाचक असतो. चौकट रुंद असेल तर काळ संथ वाहतो, अरुंद चौकटी ओळीने आल्या तर धाप लागते. बोलणे फुग्यात लिहिलेले असते. फुग्याची कड काटेरी असेल तर ते बोलणे ओरडून केलेले असते. अशी पुस्तके भराभर पाने उलटून संपविली तर अर्ध्या तासात संपतात, आणि मग त्यांत काही नव्हते असे वाटते. पान पुरते पाहून पुढे जाणाऱ्यास मात्र तीच पुस्तके दोन-तीन दिवस पुरतात.

या प्रकारातील एक पुस्तक रायगड जिल्ह्याच्या विद्यार्थ्याने तरी अवश्य पाहावे. त्याचे नाव 'भीमायन'. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी लिहिलेले व दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या दांपत्याने चितारलेले हे पुस्तक २०११ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील प्रसंग आहेत. पहिला प्रसंग १९०१ सालचा. दहा वर्षांचा भीम आपल्या भावंडांसह वडिलांना भेटावयास सातारा जिल्ह्यातील गोरेगावास निघाला आहे. मसूरच्या स्थानकावर मुले उतरतात. वडिलांचा निरोप्या आलेला नाही. मुले नीटनेटक्या कपड्यांत आहेत, म्हणून स्थानकप्रमुख प्रथम आस्थेने चौकशी करतो. जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवान भाडे घेऊनही गाडी हाकावयास तयार होत नाही; दुप्पट भाडे द्या आणि स्वतः हाका, असे ठरते. रात्रभर प्रवास, शिदोरी जवळ आहे, परंतु पाणी कोणी देत नाही. आणि पाण्यावाचून शिदोरी घशाखाली उतरत नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे पुस्तकात महाडचे चवदार तळे येते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहस्रावधी अनुयायांसह या तळ्याचे पाणी प्राशन केले. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. रेवदंडा आणि महाड एकाच जिल्ह्यात आहेत, हे ते पान उघडताना आठवले म्हणजे तळ्याचे पाणी जवळचे वाटू लागते.

परंतु या पुस्तकाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या चित्रांत आहे. व्याम दांपत्य मध्य प्रदेशातील परधान गोंड समाजाचे. त्यांच्या घरांच्या भिंतींवर सणासुदीला काढावयाच्या नक्षीला दिग्ना म्हणतात. चौकटींत माणसांना कोंडणे या कलावंतांना रुचले नाही. म्हणून त्यांनी काटकोनातील पेट्या टाकून दिल्या आणि दिग्नाच्या वळणदार पट्ट्यांनी पान विभागले. बोलण्याचे फुगेही त्यांनी बदलले. सौम्य बोलणाऱ्याचे, सोसणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात. ज्यांच्या बोलण्यात विष आहे, त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. गाडीवान काय म्हणाला हे वाचण्यापूर्वीच नांगी दिसते, आणि वाचणारा सावध होतो. नुसत्या अक्षरांना हे कसे साधावे? दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. चित्रे काढावयास त्या आईच्या हाताखाली, घराच्या भिंतीवर शिकल्या.

भारतातील पहिली चित्रकादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती ओरिजित सेन यांची 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ सालची. नर्मदेवरील धरण आणि त्यामुळे उठणारी आदिवासी गावे हा तिचा विषय. नर्मदेकाठची काही गावे महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातही बुडाली. हिच्याच जोडीला ल. म. कडू यांची 'खारीच्या वाटा' ही मराठी कादंबरी ठेवावी. धरणामुळे जे गाव सोडावे लागणार आहे, त्या गावात वाढणाऱ्या मुलाची ही कथा. २०१७ साली तिला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. एकच दुःख एकाने रेषांत मांडले, दुसऱ्याने शब्दांत. दोन्ही वाचून कोठे काय अधिक उतरले आहे, यावर वर्गात चांगला वाद घालता येईल. शिक्षकांनी त्यात लवकर निकाल देऊ नये.

अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा' अनेक घरांत अजून जपून ठेवलेल्या आढळतात. दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांविषयी सांगता आले, परंतु रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली. त्या मालेत कान्होजी आंग्रे यांच्यावरही पुस्तक आहे. अलिबागच्या समुद्रात कुलाब्याचा किल्ला पाहत वाढलेल्या मुलास ते विशेष आवडेल. मात्र येथे एक सावधगिरी बाळगावी. चित्रकाराने कान्होजींना प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. त्याने काढलेला चेहरा ही त्याची कल्पना आहे. अशा पुस्तकांतील वीर कधी चुकत नाहीत, कधी घाबरत नाहीत, आणि त्यांचे शत्रू चेहऱ्यावरूनच दुष्ट दिसतात. शब्द वाचताना मन आपले चित्र आपण काढते. येथे ते आयते मिळते, आणि एकदा डोळ्यांत बसले की पुसता पुसत नाही. म्हणून ते पुस्तक वाचल्यावर इतिहासाच्या पुस्तकातही एकवार डोकवावे.

हसावयास चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' आहे. १९९१ साली तो वर्तमानपत्रात प्रथम आला, आणि त्याचे संग्रहही निघाले आहेत. घरी धाकटी भावंडे असतील तर माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आणावीत. त्या स्वतः लिहितात आणि चित्रेही स्वतःच काढतात, त्यामुळे शब्द आणि चित्र यांत कोठे शिवण दिसत नाही. जपानच्या केइजी नाकाझावा यांचे 'बेअरफूट गेन' मात्र दोन-तीन वर्षांनी वाचावे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळे ते वाचले. त्यांनी जे पाहिले ते सौम्य करून काढलेले नाही. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही नववीतील मुलांची कादंबरीही नववीतच वाचावी. तिची गोडी तेव्हा दुप्पट होते.

पुस्तके मिळवावयाची कोठून, हा प्रश्न गावातील मुलास नेहमीच पडतो. आणि चित्रकादंबऱ्या तर महाग असतात. शाळेचे कपाट आणि गावचे वाचनालय हे पहिले ठिकाण. तेथे नसलेल्या पुस्तकाचे नाव चिठ्ठीवर लिहून ग्रंथपालांकडे द्यावे. न मागितलेले पुस्तक कोणीही विकत आणीत नाही. पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' मासिक १९७१ सालापासून निघत आहे, आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. सहलीला महाबळेश्वर-पाचगणीकडे जाण्याचा योग आला तर वाटेवरील भिलार गावी उतरावे. २०१७ साली हे गाव 'पुस्तकांचे गाव' म्हणून घोषित झाले. तेथे घरांच्या ओसऱ्यांवर पुस्तके मांडलेली असतात, आणि कोणीही बसून वाचावे अशी मुभा असते.

राहता राहिले एक पुस्तक. ऑस्ट्रेलियातील शॉन टॅन यांचे 'द अरायव्हल' हे २००६ साली प्रसिद्ध झाले. नाव तेवढे इंग्रजी. आत एकही शब्द नाही. जुन्या छायाचित्रांसारख्या पिंगट रंगातील चित्रांतून एका माणसाची कथा उलगडते. तो बायको आणि लहान मुलीचा निरोप घेतो, पेटी उचलतो, आगबोटीत चढतो आणि एका अपरिचित नगरीत उतरतो. तेथील पाट्यांवरील लिपी चित्रकाराने स्वतः कल्पून काढलेली आहे. ती जगातील कोणालाच वाचता येत नाही. फळे अनोळखी, प्राणी अनोळखी, घड्याळेसुद्धा अनोळखी. परदेशात नव्याने गेलेल्या माणसाला जे वाटते, ते वाचकालाही जसेच्या तसे वाटावे म्हणून ही युक्ती.

या पुस्तकाचा आणखी एक गुण आहे. त्याला शाळेत गेलेला वाचक लागत नाही. रेवदंड्यातील असे एखादे घर कल्पावे. बाहेर पाऊस लागला आहे, वीज गेली आहे, आणि सातवीतला नातू कंदिलाशी हे पुस्तक घेऊन बसला आहे. शेजारी आजी आहे. तिला अक्षरओळख नाही. आजवर नातवानेच तिला पुस्तके वाचून दाखविली. आज त्याला वाचून दाखविण्यासारखे काही नाही, म्हणून तो नुसती पाने उलटतो आहे. पेटी भरीत असलेल्या माणसाच्या चित्रापाशी आजी त्याचा हात धरते आणि म्हणते, "थांब जरा." मग ती त्या चित्राकडे पाहत, आपल्या लहानपणी पलीकडच्या आळीतले कोणते कुटुंब बोटीने कायमचे इस्राएलला गेले, जाताना त्यांनी तुळशीजवळचा पाटा-वरवंटा कोणाला दिला, आणि त्यांची मुलगी मागे वळून कितीदा पाहत होती, ते सांगू लागते. नातू पान उलटावयाचे विसरतो.